जोडनावाची कुळकथा

महाराष्ट्रात तळेगावे बरीच आहेत. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे, संगमनेरकडे तळेगाव दिघे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, वर्धा जिल्ह्यात तळेगाव श्यामजीपंत. मावळातले तळेगाव दाभाड्यांचे, म्हणून तळेगाव दाभाडे. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर नुसते 'तळेगाव', नगरपरिषदेच्या कागदावर मात्र दोन्ही शब्द, मध्ये जागा सोडून. गावाला हे चालून जाते, कारण गावाच्या नावापुढे कोणी आईबापांची नावे लावत नाही. माणसाच्या नावाचे तसे नाही. तान्हीचे नाव आजीच्या आग्रहाने गौरी आणि आईच्या आवडीने मीरा असे दोन्ही ठेवायचे ठरले, की बारशाआधी घरात वाद सुरू होतो. लिहायचे कसे? गौरीमीरा, गौरी-मीरा की गौरी मीरा?

या प्रश्नाचे वय फार नाही. जोडनावे मात्र मराठी मुलखात जुनीच आहेत. दाभाड्यांचीच वंशावळ पाहावी: बजाजी, त्यांचे येसाजी, येसाजींचे खंडेराव, खंडेरावांचे त्रिंबकराव आणि यशवंतराव. आधीच्या पिढ्यांत 'जी', पुढे 'राव'. 1717 मध्ये शाहू महाराजांनी खंडेरावांना सरसेनापती केले. 1731 मध्ये त्रिंबकराव डभईच्या लढाईत पडले आणि घराण्याची सूत्रे त्यांच्या मातोश्री उमाबाईंनी हाती घेतली. खंडेराव हे तर जेजुरीच्या देवाचेच नाव, त्यातला 'राव' मुळातच नावाचा भाग. त्रिंबकरावांचा 'राव' मानाचा, मागून जोडलेला. पण लिहिताना दोन्ही सारखेच. उमाबाईंची 'बाई'ही अशीच नावाला चिकटलेली. 'त्रिंबक राव' असे तोडून लिहिलेले मराठी डोळ्याला आजही खटकते.

याचे मोठे कारण मोडी लिपीत आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे धावती लिहीत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही, शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. एक नाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. अशा कागदावर 'जोडून की तोडून' हा प्रश्न उद्भवणारच नाही. तो आला छापखान्याबरोबर. बाळबोध टाइप जुळवताना शब्दांमध्ये जागा सोडणे भाग पडले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुजली. ती रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. जोडशब्दातली आडवी रेघ, म्हणजे संयोगचिन्ह, त्याच कुटुंबातले.

त्याआधी नावाचा हिशेब अक्षरांनी होत असे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे आणि मुलीचे विषम अक्षरांचे, असा नियम आहे. 'रामकृष्ण' हे दोन देवांचे नाव त्या मापात नेमके बसते. चार अक्षरे, एक उच्चार, एक माणूस. बारशाला आजही ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात. अंगठीची कड तांदळात ओढताना दाणे दोन्ही बाजूंना सरकतात, आणि मधली वाट हेच अक्षर. आत्या ते वाचते आणि बाळाच्या कानात सांगते. तांदळावरचे लेखन मोठे आणि ताट लहान, त्यामुळे अंतर राखायला तिथे वावच नसतो.

दोन नावे ठेवायची, पण जोडायची नाहीत, हीही जुनी रीत. टिळकांचे जन्मनाव केशव आणि घरात हाकेचे नाव बाळ. जगाने दुसरे उचलले. भोसल्यांच्या घरात तर एक नाव दोन भावांत वाटले गेले. नगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेने मुलगे झाले, म्हणून मालोजींनी थोरल्याचे नाव शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी ठेवले, असे परंपरा सांगते.

नाव जोडल्याने काय होते आणि तोडल्याने काय, हे आद्याक्षरांत लख्ख दिसते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर मराठीत रा. गो. आणि इंग्रजीत आर. जी. झाले. नावात देव दोन, पण आद्याक्षर एक. आता तळेगाव दाभाड्याचेच उदाहरण. लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसाफंडाच्या पैशातून 1908 मध्ये इथे काचकारखाना उभा राहिला. त्यामागे अंताजी दामोदर काळे यांची धडपड होती आणि टिळकांचे पाठबळ. कारखान्याची तांत्रिक बाजू ज्यांनी उभी केली ते ईश्वरदास वार्ष्णेय उत्तरेचे. इंग्रजी कागदांत ते आय. डी. वार्ष्णेय असे येतात. अनोळखी मराठी माणसाला तो 'डी' वडिलांच्या नावाचा वाटेल, कारण महाराष्ट्रात दुसरे आद्याक्षर वडिलांचेच असते. प्रत्यक्षात तो त्यांच्याच नावातल्या 'दास'चा. हिंदीत अशी नावे सुटी लिहिण्याची सवय आहे. तिकडे 'लाल बहादुर', मराठीत 'लालबहादूर'. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाने दोन नावे सुटी राहतात. फ्रान्सिस्को लुईश गोमेश यांच्या नावातला 'लुईश' हा वडील नव्हे, त्यांचाच अर्धा भाग. फ्रेंचांनी मधला मार्ग काढला आणि झाँ-पॉलमध्ये रेघ घातली.

ती रेघ मराठीत उसनी घेणे मात्र अडचणीचे आहे. आपल्याकडे 'आई-वडील', 'भाऊ-बहीण' यांतली रेघ दोघे दाखवते. 'राम-कृष्ण' म्हटले की दोन देव डोळ्यांपुढे येतात, 'रामकृष्ण' म्हटले की एक माणूस. 'गौरी-मीरा' वाचणाऱ्याला पाळण्यात जुळ्या आहेत असे वाटले, तर दोष त्याचा नाही.

सुट्या नावाची अडचण अलीकडे वाढली आहे. महाराष्ट्र सरकारच्या मार्च 2024 मधल्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नावे शासकीय कागदपत्रांत आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव अशी लिहायची आहेत. आईचे नाव लेकराच्या नावाशेजारी आले, ही उशिरा झालेली पण फार चांगली गोष्ट. आता त्या ओळीत 'गौरी मीरा' सुटे लिहून पाहा. पुढे आईचे नाव स्नेहा, वडिलांचे अमोल. चार नावे ओळीने उभी राहतात आणि मीरा ही आई ठरते. शाळेतल्या बाईंची, परीक्षेच्या अर्जाची, बँकेच्या खिडकीची गफलत इथूनच सुरू होणार. जोडून लिहिले तर हा घोळ होत नाही, म्हणून जोडून लिहिणेच बरे.

पासपोर्टचे यंत्रही रेघ ओळखत नाही. पानाच्या तळाशी 44 खणांच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत नावासाठी 39 खण. आडनाव आधी, मग दोन कोनचिन्हे, मग नाव. रेघ असो वा मोकळी जागा, दोन्हींच्या जागी एकच कोनचिन्ह पडते, म्हणजे 'गौरी-मीरा' आणि 'गौरी मीरा' तिथे सारखेच. विमानाच्या तिकिटावर तर अनेकदा जागाही गळते आणि दोन्ही नावे आपोआप चिकटतात.

जोडताना कानाने एकदा तपासावे. 'मीराअनघा' जिभेवर अडखळते, 'अनघामीरा' सरळ जाते. जुन्यांनी अशा ठिकाणी संधी केला आणि उमा व ईश यांचा उमेश झाला. रोमन स्पेलिंगही तेव्हाच ठरवावे. मीरात एक 'आय' की दोन 'ई', हे जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे असले, तर पुढे प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र.

घाई करण्याचे कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. त्या वेळी नाव ठरलेले नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो. पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते, आणि विलंबशुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट या सगळ्यांचा आधार जन्मदाखलाच झाला आहे. एकदा त्यावर 'गौरी मीरा' असे सुटे नाव चढले, की मोठेपणी ते जोडून घ्यायला राजपत्राची वाट धरावी लागते.