लॅपटॉपला वाय-फाय मिळेना?

घरातील सर्व मोबाइल इंटरनेटला व्यवस्थित जोडलेले असताना लॅपटॉपलाच वाय-फाय मिळेनासे होते, ही तक्रार सर्रास आढळते. प्रवेशअर्जाची अखेरची तारीख तोंडावर असली, की घाईघाईने राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसली जाते. हा उपाय शक्यतो टाळावा. त्या छिद्रातील रीसेटच्या बटणाने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. इंटरनेट कंपनीने त्यात भरलेले युजरनेम व पासवर्डही अनेकदा पुसले जातात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत साऱ्या घराचेच इंटरनेट बंद पडते.

दोष नेमका कोठे आहे, हे आधी ठरवावे. मोबाइलचा डेटा बंद करून केवळ वाय-फायवर एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. त्यानंतरही फरक न पडल्यास कंपनीकडेच तक्रार नोंदवावी. मोबाइलवर ते उघडत असेल, तर लॅपटॉपकडे वळावे.

लॅपटॉपवर एकाही नेटवर्कचे नाव दिसत नसल्यास एअरप्लेन मोड चुकून सुरू झालेला असू शकतो. जुन्या लॅपटॉपच्या कडेला वायरलेससाठी सरकते बटणही असे. विंडोज अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर वाय-फायचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. त्यासाठी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते.

शेजाऱ्यांची नेटवर्के दिसतात आणि आपलेच दिसत नाही, हा प्रकार अधिक चकवणारा. काही जुने लॅपटॉप केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क दिसत नाही. अमेरिकेतून नातलगांनी आणलेल्या लॅपटॉपबाबत आणखी एक शक्यता असते. तेथे २.४ गिगाहर्ट्झमध्ये सहसा १ ते ११ हीच चॅनेल वापरतात. भारतात १३पर्यंत चालतात. राउटर १२ किंवा १३वर असल्यास असा लॅपटॉप त्याला ओळखत नाही. राउटरमध्ये १, ६ किंवा ११ हे चॅनेल ठरवून द्यावे.

नाव दिसूनही पासवर्ड नाकारला जात असेल, तर जतन केलेले नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने टाकावा. राउटरवर केवळ डब्ल्यूपीए-३ सुरक्षा असेल, तर जुने लॅपटॉप जोडले जात नाहीत. तेथे डब्ल्यूपीए-२ व ३ हा मिश्र पर्याय निवडावा. वैतागून पासवर्डच काढून टाकणे मात्र धोक्याचे. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी माध्यमांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घरच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे उघड झाले होते आणि तेथील रहिवाशाला चौकशीला तोंड द्यावे लागले होते.

जोडणी झाली, तरी पाने उघडत नसल्यास कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी. वाय-फायपुढील पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून लॅपटॉपला पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. अशा वेळी दोन्ही उपकरणे बंद करून पुन्हा सुरू करावीत. कार्यालयाच्या कामासाठी टाकलेले व्हीपीएन बंद करून पाहावे. घड्याळाकडेही लक्ष द्यावे. तारीख काही वर्षे मागे गेली असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. विंडोजमधील 'नेटवर्क रीसेट' हा पर्याय सर्वांत शेवटी वापरावा. त्याआधी वाय-फायचे पासवर्ड आणि व्हीपीएनचा तपशील कागदावर उतरवून घ्यावा, कारण त्यानंतर ही सारी जुळवणी नव्याने करावी लागते.