जोडउडीतला पाठीमागचा माणूस



चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही शिरवळ-खंडाळा पट्ट्यातील कामगारांच्या लढ्यांचा इतिहास सांगू. तो सांगण्यासारखा आहेच. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते आकाशातून उडी घेणाऱ्या माणसांविषयी. ऐकून कोणी हसेल. ज्याने खंबाटकीचा घाटही बहुतेक वेळा एस.टी.नेच ओलांडला, त्याला आकाशातले काय कळणार? आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सर्व तालुक्याच्या वाचनालयाने आणि कामगारांनी शिकविले. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

कारण असे घडले. आमची पुतणी नोकरीनिमित्त दुबईला असते. तिने तेथे विमानातून उडी घेतली आणि तिचे छायाचित्र घरी आले. दोन्ही हात पसरलेले, गाल वाऱ्याने फुगलेले, खाली निळा समुद्र. तिच्या पाठीला लागून एक चष्मेवाला पुरुष होता आणि त्याचा एक हात पुढे आलेला होता. आमच्या आईने विचारले, "हा मागचा कोण गं?" पुतणी म्हणाली, "आजी, तो इन्स्ट्रक्टर. त्यानेच मला धरून आणलं खाली." आई म्हणाली, "नाव काय त्याचं?" पुतणीला ते आठवेना. आईने छायाचित्र खाली ठेवले आणि म्हणाली, "ज्यानं जीव वाचवला त्याचं नावसुद्धा विचारलं नाहीस?"

त्या प्रश्नाने आम्हांला वाचावयास लावले. वाचता वाचता ध्यानात आले की, हवाई छत्रीचा सारा इतिहास म्हणजे पाठीमागच्या माणसांचाच इतिहास आहे.

हवाई छत्रीने खरी उंच उडी पहिल्यांदा घेतली ती आंद्रे गार्नेरिन या फ्रेंच माणसाने, २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे, बलूनमधून. हवा बाहेर जाण्यास छत्रीच्या माथ्यावर भोक नव्हते, त्यामुळे ती पाळण्यासारखी हेलकावत खाली आली. पुढे सव्वाशे वर्षे ही जत्रेतली कसरत राहिली. विमाने आली तरी पुष्कळ जाणत्यांचे मत असे की, मोकळ्या हवेत पडणारा माणूस शुद्ध हरपेल, त्याच्या हातून छत्री उघडणार नाही. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेऊन स्वतःच्या हाताने दोरी ओढली आणि तो समज खोटा पाडला. उतरताना त्याचा घोटा मोडला.

आपल्या देशात या विद्येचा पाया लष्कराने घातला. १९४१ साली लेफ्टनंट रंगराज हे डॉक्टर आणि हवालदार मेजर मथुरासिंग हे उडी घेणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. त्याच साली कानपूरला छत्र्या शिवण्याचा सरकारी कारखाना निघाला. इतिहास लिहिणारे उडी घेणाऱ्याचे नाव लिहितात, शिवण घालणाऱ्याचे लिहीत नाहीत. पण शिवण उसवली तर उडी घेणाऱ्याचे शौर्य काय कामाचे?

आता आपल्या मुलुखाकडे या. सातारा जिल्हा सैनिकांचा. मराठा लाइट इन्फंट्रीची एक जुनी पलटण पुढे छत्रीधारी झाली; तीच २ पॅरा, मराठा. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुपार कलल्यावर या पलटणीचे सुमारे सातशे जवान आजच्या बांगलादेशात टांगाइलजवळ उतरले आणि पुंगली पूल त्यांनी ताब्यात घेतला. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत हीच पलटण होती.

या उडीशी एका छायाचित्राची गोष्ट निगडित आहे. वर्तमानपत्रांना द्यावयास प्रत्यक्ष उडीचे चित्र हाती नव्हते. तेव्हा लष्कराचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी आग्र्याच्या एका जुन्या सरावाचे चित्र दिले; त्यात आकाश छत्र्यांनी भरून गेले होते. ते जुने आहे असा शब्द खाली पडावयाचा राहून गेला. एका पलटणीच्या जागी अख्खी ब्रिगेड उतरली असा जगाचा समज झाला आणि त्याचा शत्रूच्या धैर्यावर परिणाम झाला, असे स्वतः राव यांनी पुढे सांगितले आहे. युद्धात त्याचा लाभच झाला. आम्हांला त्यातून दिसते ते एवढेच की, छायाचित्र जे दाखवते ते आणि जे घडते ते, ही दोन वेगळी असू शकतात.

आमच्या शेजारच्या गावी छत्रीधारी पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. त्यांना आम्ही एकदा विचारले, "दाजी, दारात उभे राहिल्यावर भीती वाटायची का?" ते म्हणाले, "वाटायची की. पण छत्रीबरोबर एक चिठ्ठी असते. कोणी घडी घातली, कोणी तपासली, त्याची सही असते. शिवाय पुढच्याच्या पाठीवरचे पट्टे मागच्याने तपासायचे आणि मागच्याचे त्याच्या मागच्याने. एवढं झालं की मग भीती देवावर सोडायची. आधी नाही."

"आधी नाही" हे दोन शब्द आम्ही जपून ठेवले आहेत.

आता जोडउडीकडे वळू. इंग्रजीत तिला टँडेम म्हणतात. नवख्याला एकट्याने उडी मारावयाची तर आधी शिकावे लागे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी अशी सामग्री तयार केली की, नवखा पुढे, प्रशिक्षक मागे, दोघांचे पट्टे दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी अशा चार आकड्यांनी जोडलेले, आणि छत्री एकच, मोठी. अर्ध्या तासाच्या सूचनेवर कोणीही उडी घेऊ शकेल अशी सोय झाली. खेळाचा धंदा झाला तो येथे.

परंतु एक अडचण निघाली. एकटा माणूस पालथा पडतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर स्थिरावतो. दोघे एकत्र पडले की वजन दुप्पट होते, वाऱ्याला अडविणारे अंग मात्र जवळजवळ तेवढेच राहते. वेग पावणेतीनशेच्या घरात जातो. अशा वेगात मोठी छत्री उघडली तर तिचा हिसका छत्रीलाही सोसत नाही आणि माणसालाही नाही. म्हणून ड्रोग नावाची लहानशी छत्री आली. उडी घेतल्यावर काही क्षणांतच प्रशिक्षकाने ती मागे सोडावयाची. ती दोघांना ओढून धरते आणि वेग पुन्हा एका माणसाच्या वेगावर येतो. साधारण तेरा हजार फुटांवरून उडी, मिनिटाभराचे पडणे आणि पाच-साडेपाच हजार फुटांवर मोठी छत्री.

याच बूथने त्यापूर्वी तीन कड्यांची एक युक्ती काढली होती. मुख्य छत्री बिघडली तर एक मूठ ओढताच ती सुटते आणि राखीव छत्रीला वाट मोकळी होते. तीन कडी एकात एक अशी अडकवलेली असतात की, माणसाचे सर्व वजन शेवटी एका बारीक दोऱ्याच्या फाशावर अगदी हलके होऊन येते. १९९१ साली जर्मनीत हेल्मुट क्लोथ यांनी असे यंत्र केले की, ठरलेल्या उंचीखाली माणूस अजून वेगाने पडत असेल तर ते राखीव छत्री आपण होऊन उघडते. जोडउडीसाठी ही उंची १९०० फूट धरतात. माणूस बेशुद्ध झाला, भांबावला, हात अडकला, तरी यंत्र भांबावत नाही.

आम्ही १९४८ चा कारखाना कायदा रात्री दिव्याखाली वाचून पाठ केला होता. त्यात एक कलम आहे: फिरत्या यंत्राला कुंपण हवे. कामगाराने जपून काम करावे एवढे सांगून मालक सुटत नाही. कुंपण घालावेच लागते. ड्रोग, तीन कडी, आपोआप उघडणारे यंत्र, ही आकाशातल्या यंत्राची कुंपणे होत. प्रत्येक कुंपणामागे कोणाचा तरी अपघात आहे. कारखान्यातही असेच असते.

तरीही एक यंत्र उघडेच राहते. ते म्हणजे प्रशिक्षकाचे लक्ष. अमेरिकेतील संघटनेच्या नियमाने जोडउडीचा प्रशिक्षक होण्यास किमान ५०० उड्या, तीन वर्षांचा अनुभव आणि वैद्यकीय दाखला लागतो. कारण त्याच्यापुढे बांधलेला माणूस ओझे नव्हे. तो घाबरतो, पाय आखडतो, क्वचित प्रशिक्षकाचे हातच धरतो. जोडी एका कुशीवर गरगरू लागली आणि त्या वेळी ड्रोग सुटली नाही किंवा अंगाभोवती गुंडाळली गेली, तर निर्णयाला काही सेकंदच उरतात. त्या सेकंदांत त्याच्या दोन्ही हातांना दुसरे काम असता कामा नये.

आणि नेमके तेथेच छायाचित्र आले. पडता पडता चित्र घेण्याची कला जुनी आहे. १९६० च्या सुमारास धाडसी लोकांनी शिरस्त्राणावर कॅमेरे बांधले. कार्ल बोनिश यांच्यासारख्यांनी त्यावर चित्रपट उभे केले. पुढे गिऱ्हाइकाच्या उडीचे चित्रण विकण्याचा व्यवसाय निघाला. त्यासाठी वेगळा छायाचित्रकार बरोबर उडी घेई. त्याचेही काम जोखमीचे. तो जोडीच्या वर आला आणि त्याच क्षणी मोठी छत्री उघडली तर टक्कर होते. कॅमेऱ्यात दोरी अडकली तर मान मोडते. म्हणून कमीत कमी २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये असा सल्ला संघटना देते. २ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आठशेवर उड्या घेतलेला एक छायाचित्रकार एका शिकाऊ उडीचे चित्रण करण्यासाठी विमानातून बाहेर पडला. त्याच्या अंगावर छत्रीच नव्हती. चित्रणाच्या सामानाचे ओझे पाठीवर होते. तेच छत्रीचे वाटले असावे असे तपासणाऱ्यांना वाटले. त्या दिवसातली ती त्याची पहिली उडी नव्हती. कोणी म्हणेल, निष्काळजी माणूस. आम्ही विचारतो, विमानातल्या एकाही माणसावर त्याची पाठ तपासण्याचे काम का सोपविलेले नव्हते? सुभेदारांच्या पलटणीत हे घडले नसते.

पुढे कॅमेरे आगपेटीएवढे झाले. तेव्हा वेगळा छायाचित्रकार कशाला, असा हिशेब निघाला. कॅमेरा प्रशिक्षकाच्याच मनगटावर चढला. आमच्या पुतणीच्या चित्रात पुढे आलेला हात तोच. आता त्याच माणसाने ड्रोग सोडावयाची, उंचीचे घड्याळ पाहावयाचे, पाहुणीचे पाय सांभाळावयाचे आणि तिचे हसू चौकटीत आणावयाचे. आमच्या कारखान्यांत दोन यंत्रे एका कामगाराकडे देतात त्याला आम्ही कामवाढ म्हणतो. ही आकाशातली कामवाढ होय. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षकाला दर उडीमागे आणि छत्री घडी करणाऱ्याला दर घडीमागे पैसे मिळतात. ही तर नगावारी झाली. नगावर पोट असलेला माणूस वारा वाढला म्हणून "आज नको" असे सहज म्हणत नाही, आणि थकलो म्हणून तर म्हणतच नाही.

येथे आमचा एक अनुभव सांगतो; कारखान्याचे नाव सांगत नाही. उंचावर काम करणाऱ्यांना पट्टे मिळावेत म्हणून आम्ही सहा महिने भांडलो. पट्टे आले. तपासणीच्या दिवशी सर्वांना ते घालून छायाचित्र काढले आणि ते भिंतीवर लागले. दुसऱ्या दिवशी पट्टे कपाटात गेले. चौथ्या आठवड्यात आमचा एक सोबती पत्र्यावरून पडला. तो जगला, पण कमरेखाली राहिला नाही. त्याला भेटून आल्यावर त्या भिंतीवरच्या चित्रात आम्ही त्याचा चेहरा शोधला. तो पट्टा घालून हसत होता. आम्ही त्या दिवशी चित्रात उभे होतो, आणि दुसऱ्या दिवशी कपाट उघडून पाहिले नव्हते. हा दोष आमचाही आहे.

आपल्या मराठी माणसांनी या क्षेत्रात नाव काढले आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, आणि तीही आयुष्यातली पहिली उडी, उणे ३७ अंशांत घेतली; डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर घेतली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडात त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. ते चित्र घरोघर पोहोचले. नऊवारीवर छत्रीचे पट्टे नीट बसले पाहिजेत आणि मुठीच्या आड पदर येता कामा नये. साहसाचा पाया अशा बारीक तयारीत असतो.

हे सर्व खंडाळ्यापासून फार दूरचे आहे असे समजू नका. आपल्याच जिल्ह्यात पाचगणीला आणि पलीकडे कामशेतला डोंगरावरून पंखाची छत्री घेऊन उडतात. तेथेही पाहुणा पुढे आणि चालक मागे, आणि काठीला कॅमेरा. छत्री तेथे आधी उघडते आणि मग पाय जमीन सोडतात, एवढाच फरक. ते चालक बहुधा तरुण पोरे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण काढले. नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी त्यात आहेत. चांगले झाले. पण धोरण म्हणजे भिंतीवरचे छायाचित्र; कपाट कोण उघडणार?

आमच्या अल्पमतीने चार गोष्टी हव्यात. दिवसाच्या उड्यांना मर्यादा असावी. चित्रणाची मजुरी आणि उडीची मजुरी एकाच हातात कोंबू नये. कॅमेरा हवाच असेल तर दुसरा माणूस घ्यावा. वारा पाहून "नाही" म्हणणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडू नये. आणि विमा पाहुण्याचा असतो तसा मागच्या माणसाचाही असावा. यात पाहुण्याचेही हितच आहे, कारण ते दोघे चार आकड्यांनी एकत्र बांधलेले आहेत. मागचा वाचला तरच पुढचा वाचतो.

पुतणी गेल्या दिवाळीत आली होती. तिने दुबईला पत्र पाठवून त्या प्रशिक्षकाचे नाव विचारून घेतले होते. छायाचित्राच्या मागे तिने ते पेनाने लिहिले आहे. आईने ते चित्र आता देवघराशेजारी लावले आहे. कोणी पाहुणा आला की ती ते उलटे करून आधी नाव वाचावयास सांगते.