लायलपूरची जमीन कुणाची?

इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर पंजाबातलं लायलपूर शहर हमखास काढते. मधोमध घंटाघर, भोवती आठ बाजार: कचेरी, रेल, झंग, चिनिओट... चिनाबच्या कालव्याचं पाणी १८९२ पासून या ओसाड मुलखात खेळू लागलं. पण रान पिकवलं ते मध्य पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांनी. आणि त्यांच्यावरच सरकार उलटलं! १९०६ च्या विधेयकात थेट वारस नसेल तर जमीन सरकारजमा, स्वतःच्या रानातलं झाड तोडायचं तरी परवानगी हवी. माझ्या मते ही उघड लूटच होती. १९०७ मध्ये ‘पगडी संभाल जट्टा’ चळवळ पेटली. लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना मंडालेला धाडलं, पण व्हाइसरॉय मिंटोंना विधेयक नामंजूर करावं लागलं. पुढच्याच वर्षी टिळकांनाही शिक्षा होऊन मंडालेलाच नेलं गेलं.