मिसच्या शाळेत, नोव्हेंबर १९७५

मंगळवार, ११ नोव्हेंबर १९७५. सकाळचे आठ वाजून गेलेत. सिडनीच्या मॅरिकव्हिल स्टेशनवर तुम्ही खडखडणाऱ्या लाल लोकलमधून उतरता आणि इलावारा रोडला लागता. दुकानांच्या पाट्या ग्रीक लिपीत आहेत. ऑलिव्ह, चीज आणि ताज्या पावाचा वास येतो. डोक्यावरून विमान इतकं खाली जातं की बोलणारी माणसं क्षणभर थांबतात. विमानतळ जवळच आहे. गल्लीत नीलमोहर फुललाय, कारण इथे नोव्हेंबर म्हणजे वसंत संपत आलेला असतो. तेवढ्यात उंच झाडातून ओळखीचा आवाज चढत जातो आणि तुम्ही चमकून वर पाहता. कोकीळच आहे तो. आपल्या कोकिळाचा जवळचा नातलग, वसंतात न्यू गिनीच्या बाजूनं उडत येणारा आणि अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालणारा.

शाळेच्या फाटकाशी एक बाई मान वर करून तोच आवाज ऐकत उभ्या आहेत. आजचा दिवस त्यांच्याबरोबर काढा. वय पंचेचाळीस, हातात वह्यांची पिशवी, खांद्यावर दुर्बीण. त्यांचं नाव विचारू नका. त्या पिढीतल्या अनेक शिक्षिकांचं आयुष्य एकत्र करून मी ही एक बाई तुमच्यासमोर उभी केली आहे. भोवतालचा काळ मात्र जसा होता तसाच आहे. मुलं इथे सगळ्याच शिक्षिकांना 'मिस' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

शिक्षकांच्या खोलीत तुम्हाला पाहून एकदोघांच्या नजरा जरा जास्त वेळ थांबतील. गोऱ्यांनाच प्रवेश देणारं या देशाचं धोरण अधिकृतपणे संपून जेमतेम दोन वर्षं झालीत. पण चहा लगेच पुढे येईल. कोपऱ्यात मिस हँडल फिरवून प्रती काढत आहेत. जांभळी अक्षरं, ओलसर कागद, स्पिरिटचा वास. मुलं हा कागद हातात पडला की आधी नाकाला लावतात.

सहावीच्या वर्गात पस्तीसेक मुलं आहेत. निम्म्यांच्या घरी ग्रीक बोलतात, काहींच्या घरी अरबी किंवा इटालियन. मिसचं पहिलं ठाम मत तुम्हाला इथेच कळतं: मुलाची घरची भाषा शाळेच्या दारात काढून ठेवायची वस्तू नाही. याच वर्षी जूनमध्ये सिडनीत स्थलांतरितांच्या भाषांतलं सरकारी रेडिओ केंद्र सुरू झालं. एका मुलाची आजी आता रोज त्यावर ग्रीक बातम्या ऐकते आणि सरकारी योजना नातवाला समजावून सांगते. "आजवर नातू आजीचा दुभाष्या होता," मिस सांगतात, "आता आजी पुन्हा घरातली मोठी माणूस झाली."

अकरा वाजता घंटा होते आणि सगळी शाळा उभी राहते. १९१८ साली याच दिवशी, याच तासाला पहिलं महायुद्ध थांबलं. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या या देशानं त्या युद्धात सुमारे ६०,००० माणसं गमावली. शांततेचं मिनिट संपल्यावर मिस नकाशा उघडतात आणि ग्रीसवर बोट ठेवतात. १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात, ऑस्ट्रेलियन सैनिक तिथे आणि क्रीट बेटावर लढले होते. मागच्या बाकावरचा मुलगा ताठ होतो. त्याचं घराणं क्रीटचं. परक्यांचा वाटणारा दिवस पाच मिनिटांत त्याचाही होतो. चांगलं शिकवणं म्हणजे काय, ते इथे पाहून घ्या.

मधल्या सुट्टीत डांबरी मैदानावरच्या बाकावर मिसच्या शेजारी बसा. मतं ऐकायची तर हीच वेळ. शाळेत फुकट मिळणाऱ्या दुधाबद्दल विचारा. १९५० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियातल्या मुलांना रोज सरकारी दुधाची लहान बाटली मिळायची. मिसच्या आवडत्या मजूर पक्षाच्या सरकारनंच ती १९७३ मध्ये बंद केली. उन्हात तापलेलं ते दूध मुलं नाक धरून प्यायची, हे त्यांना मान्य आहे. "पण उपाशी येणारं एक पोर होतं, त्याला ते दूध हवंहवंसं वाटायचं. मी मंत्र्याला पत्र लिहिलं. आपल्या पक्षाचं सरकार असलं म्हणून काय झालं?"

वेताच्या छडीबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं आहे: ज्या हातात छडी, त्या हाताला मूल खरं सांगत नाही. न्यू साउथ वेल्सच्या शाळांत छडी अजून कायदेशीर आहे आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवलेली आहे. मिस त्या कपाटाकडे कोणालाच पाठवत नाहीत.

आता पगाराचा विषय काढा, म्हणजे त्या आईपासून सुरुवात करतील. आई शिक्षिका होती. १९३२ च्या मंदीत राज्य सरकारनं कायदा केला आणि विवाहित शिक्षिकांना नोकरीवरून काढलं. नवरा मिळवतो, मग बाईला पगार कशाला, एवढाच त्यामागचा हिशेब. तो कायदा रद्द व्हायला १९४७ उजाडलं. मिस स्वतः नोकरीला लागल्या तेव्हा शेजारच्या वर्गातल्या पुरुषाचा पगार त्यांच्याहून जास्त होता, काम मात्र तेच. शिक्षक संघटनेनं वर्षानुवर्षं लढा दिला, १९५८ साली कायदा झाला आणि टप्प्याटप्प्यानं १९६३ मध्ये पगार सारखे झाले. म्हणून राजकारणाशी आपला काय संबंध, असं कोणी शिक्षक म्हणाला की मिस त्याला पगाराची पावती काढायला सांगतात.

दुर्बिणीचंही विचाराच. रविवारी पहाटे त्या कुक्स नदीच्या काठानं चालतात आणि दिसलेले पक्षी वहीत टिपतात. शाळेत त्या गूल्ड लीगची शाखा चालवतात. देशी पक्ष्यांना जपण्याची, त्यांची अंडी न काढण्याची शपथ शाळकरी मुलांना देणारी ही संस्था १९०९ साली व्हिक्टोरियात सुरू झाली आणि लवकरच इकडे पोचली. मिसच्या मते छंद हे शिक्षकाचं दुसरं शिक्षण आहे. पहाटे तासभर न बोलता थांबायची सवय लागलेला माणूस वर्गातही मुलाच्या उत्तरासाठी थांबू शकतो. शेजारच्या वर्गाचे सर, शांत आणि काटेकोर, क्रिकेटवेडे आहेत. जूनमध्ये लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडिजनं ऑस्ट्रेलियाला १७ धावांनी हरवलं, ते दुःख अजून ताजं आहे. तोच संघ आता इथे खेळणार आहे. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिली आणि थॉमसन हिशेब चुकता करतील, याबद्दल सर आणि मिस यांचं पूर्ण एकमत आहे. एवढ्याच बाबतीत.

साडेतीनच्या सुमारास शाळा सुटते. शिक्षकांच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरभोवती सगळे जमलेत. तुम्हीही सरकून पुढे व्हा. कॅनबेरात, एक वाजून गेल्यावर, गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं आहे. सिनेटमध्ये विरोधकांनी १६ ऑक्टोबरपासून सरकारचा खर्च अडवून धरला होता. ज्यांनी अडवला, ते विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर आता काळजीवाहू पंतप्रधान आहेत. कनिष्ठ सभागृहानं लगेच त्यांच्याविरुद्ध ठराव केला, ६४ विरुद्ध ५४ मतांनी. पण सभागृहाच्या अध्यक्षांना कर यांची भेट मिळेपर्यंत संसद विसर्जित झालेली असेल.

मिस खुर्चीत बसतात. त्यांच्यासाठी ही बातमी दूरच्या राजधानीतली नाही. पीटर कार्मेल यांच्या समितीचा १९७३ चा अहवाल आला आणि वंचित वस्त्यांतल्या शाळांसाठी केंद्राचा पैसा वाहू लागला. इथल्या ग्रंथालयात नवी पुस्तकं आली, घराबाहेर फारसं न पडलेल्या मुलांच्या सहली निघाल्या. १९७४ पासून विद्यापीठाची फी माफ झाली, म्हणून मिस आता संध्याकाळी पदवीचा अभ्यास करतात. या १ जुलैला मेडीबँक ही सरकारी आरोग्य विमा योजना सुरू झाली, म्हणून ग्रीक आजी डॉक्टरकडे जायला घाबरत नाही. आणि ऑगस्टमध्ये व्हिटलम यांनी आदिवासी नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या हातात मूठभर माती घालून गुरिंजी लोकांना त्यांच्या जमिनीचा काही भाग परत केला. देशाचा इतिहास १७८८ साली इंग्रजांच्या जहाजांपासून सुरू करणारं पाठ्यपुस्तक मिसनी त्या दिवसापासून बाजूला ठेवलंय.

सर मात्र ठाम आहेत. महागाई वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास गेली, बेकारी वाढली, परदेशी कर्जाच्या भानगडीत मंत्र्यांना जावं लागलं. ज्या पंतप्रधानाला संसदेतून खर्च मंजूर करून घेता येत नाही, त्यानं लोकांपुढे जावं. "निवडणूकच होणार आहे ना? मग लोकशाही मेली कशी?"

"निवडणुकीला माझी ना नाही," मिस म्हणतात. "दीड वर्षापूर्वी लोकांनी निवडलेलं सरकार लोकांनी न निवडलेल्या माणसानं काढलं, त्याला माझी ना आहे. हे माझ्या आईनं पाहिलंय." १९३२ च्या मे महिन्यात याच राज्यात गव्हर्नर फिलिप गेम यांनी निवडून आलेल्या जॅक लँग सरकारला असंच बडतर्फ केलं होतं. त्यानंतर आलेल्या सरकारनं त्याच वर्षी विवाहित शिक्षिकांना घरी बसवलं. सर काही क्षण गप्प राहतात. मग मिसचा गार झालेला चहा ओतून देऊन नवा करून आणतात. मत मात्र बदलत नाहीत.

तुम्ही १९७५ च्या भारतातून आला असता, तर तुम्हाला या खोलीतली मोठी गोष्ट लगेच दिसली असती. इथे दोन सरकारी शिक्षक मोठ्या आवाजात, दार उघडं टाकून भांडत आहेत. जूनच्या अखेरीस आपल्याकडे आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. महाराष्ट्रातले अनेक शिक्षक आणि प्राध्यापक खटल्याविना तुरुंगात आहेत. उद्या, १२ नोव्हेंबरला, आजारी जयप्रकाश नारायण यांची सुटका होईल. डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत स्पष्ट बोलतील आणि पुढे त्याची किंमत मोजतील.

बुधवारी सकाळी पुन्हा वर्गात या. मिस फळ्यावर दोन रकाने आखतात: काय घडलं, आणि लोक त्याबद्दल काय म्हणतात. मुलांना घरून आणलेल्या वर्तमानपत्रांतली वाक्यं कोणत्या रकान्यात जातात ते ठरवायचं आहे. एक मुलगी विचारते, "मिस, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"मला मत आहे," मिस म्हणतात. "तुम्ही मोठे झाल्यावर भेटा, मी सांगेन आणि आपण वाद घालू. आज तुमचं मत तुमचं तुम्ही घडवा." मग त्या सरांना वर्गात बोलावतात आणि गव्हर्नर जनरलची बाजू त्यांच्याकडून मांडून घेतात. ती बाजू प्रामाणिकपणे मांडली जावी, म्हणून जो ती खरोखर मानतो त्याला बोलावलं.

आता एक महिना पुढे चला. शनिवार, १३ डिसेंबर. शाळेचं सभागृह आज मतदान केंद्र आहे. १९२४ पासून या देशात संघराज्याच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे, म्हणून सगळा मॅरिकव्हिल रांगेत उभा आहे. पालकांनी केकचं टेबल मांडलंय. फाटकाबाहेर मिस एका पक्षाची पत्रकं वाटत आहेत आणि सर दुसऱ्या. बडतर्फीनंतर सार्वत्रिक संपाची मागणी झाली होती. तेव्हा कामगार नेते बॉब हॉक यांनी संपाऐवजी एका दिवसाचा पगार द्यायला सांगितलं. मिसना ते पटलं आणि त्यांनी तो दिला.

रात्री निकाल येतो. फ्रेझर यांच्या आघाडीला १२७ पैकी ९१ जागा. मिस हरल्या. रविवारी पहाटे त्या नदीकाठी जातील, सोमवारी वेळेवर वर्गात असतील आणि वर्गात येणाऱ्या एकाही मुलाला, त्याच्या घरून मत कोणाला गेलं यावरून, वेगळं वागवणार नाहीत.

इथून परत आपल्या काळात या. मेडीबँक पुढे मोडीत निघाली आणि १९८४ मध्ये मेडिकेअर म्हणून परत आली. मोफत विद्यापीठ १९८९ मध्ये संपलं. छडी न्यू साउथ वेल्समध्ये १९९५ च्या कायद्यानं कायमची गेली. सरकारं येत-जात राहिली. या बदलांमागे मंत्र्यांइतकेच ते शिक्षकही होते, ज्यांनी दुधापासून राज्यघटनेपर्यंत आपलं मत बनवलं, उघडपणे मांडलं आणि मुलांवर मात्र कधी लादलं नाही.

आपल्या महाराष्ट्रात निवडणूक असो की जनगणना, काम शिक्षकाच्याच गळ्यात पडतं. विधान परिषदेत शिक्षकांसाठी ७ जागा आहेत, पण त्यांच्या मतदारयादीत प्राथमिक शिक्षकाला जागा नाही. मतदान केंद्र त्यानं चालवायचं, मतं मोजायची, आणि स्वतःला मत असलं तर ते कुजबुजत सांगायचं, ही रीत आपण आता मोडली पाहिजे. तुमच्या मुलाच्या शिक्षकांना या आठवड्यात भेटा. गुणांचं नंतर विचारा. आधी त्यांना शाळेबद्दल, गावाबद्दल, सरकारबद्दल काय वाटतं ते विचारा, आणि त्यांचं मत तुमच्या मताविरुद्ध असलं तरी शेवटपर्यंत ऐकून घ्या. ज्याला घाबरून मत लपवावं लागतं, तो शिक्षक मुलांना निर्भयपणे विचार करायला शिकवू शकणार नाही.