स्थलांतरितांचा आवाज : एका माहितीपटाचा इतिहास

परमुलखात स्थिरावलेल्या समाजाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला एक अडचण नेहमी जाणवते. सनदा, खातेवह्या, संस्थांची इतिवृत्ते ही साधने मिळतात. परंतु हातावर पोट घेऊन आलेल्या माणसाचे स्वतःचे शब्द क्वचितच हाती लागतात. ही उणीव माहितीपट कशी भरून काढू शकतो, याचे उदाहरण कॅनडात घडले, आणि त्यामागे अच्युतराव पटवर्धनांचे पुतणे आनंद पटवर्धन होते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पंजाबी लोक विसाव्या शतकाच्या आरंभापासून राहत आले आहेत. १९१४ साली 'कोमागाटा मारू' जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना तेथील बंदरातूनच परत पाठविण्यात आले. भारतीय वंशाच्या रहिवाशांना मताधिकार मिळण्यास १९४७ साल उजाडावे लागले. पुढे १९७० नंतरच्या दशकात फ्रेझर नदीच्या खोऱ्यातील मळ्यांवर फळे तोडणाऱ्यांत पंजाबी स्त्रिया व वृद्ध यांचा मोठा भरणा होता. कंत्राटदार त्यांना गाड्यांत घालून मळ्यावर नेई आणि मजुरीतून आपला हिस्सा कापून घेई. कामगार कायद्यांचे पुरेसे संरक्षण शेतमजुरांना नव्हते. इंग्रजी न येणाऱ्या मजुराने दाद मागावी तरी कोणाकडे?

६ एप्रिल १९८० रोजी 'कॅनेडियन फार्मवर्कर्स युनियन' ही संघटना स्थापन झाली. राज चौहान हे तिचे संस्थापक-अध्यक्ष. कॅलिफोर्नियात सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत पूर्वी स्वयंसेवक म्हणून काम केलेल्या पटवर्धनांनी जिम मन्रो यांच्यासह या चळवळीचे सुमारे दोन वर्षे चित्रण केले. त्यातून १९८१ साली 'अ टाइम टू राइज' हा माहितीपट सिद्ध झाला. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने तो प्रकाशात आणला. भारतीय व चिनी मजुरांची स्थिती, सभासद नोंदणीसाठी होणारी वणवण, तसेच मळेवाले व कंत्राटदार यांची प्रतिक्रिया, हे सारे त्यात आले आहे.

संघटनेच्या यशाचे श्रेय माहितीपटास देणे अनैतिहासिक ठरेल. तथापि, ती घडत असतानाच तिची नोंद झाली, हे महत्त्वाचे. पुढे राज चौहान २००५ साली प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले व २०२० साली त्याचे अध्यक्ष झाले. तो मान इतिहासग्रंथांत सहज नोंदला जाईल. मळ्यात राबणाऱ्या स्त्रियांचे चेहरे मात्र या चित्रफितीमुळेच उरले आहेत.

आपल्या ग्रंथालयाने शतकभर मराठी ग्रंथ जपले. परंतु उदरनिर्वाहासाठी या भूमीत आलेल्या सामान्य मराठी माणसांच्या आठवणी आपण कितपत जपल्या? त्या सांगणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यातून झपाट्याने कमी होत आहेत. दुसऱ्या शतकात पदार्पण करताना त्यांचे बोल ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे कार्य ग्रंथालयाने हाती घ्यावे, अशी सभासद व आश्रयदाते यांना नम्र विनंती आहे.