दिनविशेष : १० ऑगस्ट
१९८६ : माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात हत्या. बाजारातून परतताना मोटार ते स्वतः चालवत होते; शेजारी पत्नी भानुमती, मागे एकच अंगरक्षक. मोटारसायकलवरून आलेल्या खलिस्तानी दहशतवाद्यांनी भररस्त्यात गोळ्या झाडल्या. जनरल गेले, भानुमती जखमी झाल्या.

वैद्य लष्करप्रमुख असताना सुवर्ण मंदिरात झालेल्या लष्करी कारवाईचा, म्हणजे ‘ऑपरेशन ब्लू स्टार’चा, हा सूड होता. हुकूम सरकारचा, अंमल लष्कराचा. किंमत मोजली ती एका निवृत्त अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने. मारेकऱ्यांना १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. अधिकारी गणवेश उतरवतो, पण त्याच्या घरावरचा धोका टळत नाही. म्हणून निवृत्तांच्या सुरक्षेचा विचार करताना कुटुंबालाही त्यात धरायलाच हवे.