‘ठळकपणे’ या एका शब्दावर

शाळांतल्या धर्मचिन्हांवरच्या, फ्रान्सच्या १५ मार्च २००४ च्या कायद्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. मराठीत आणून तुकड्या-तुकड्याने वाचू.

“सरकारी शाळांत, प्राथमिकपासून उच्च माध्यमिकपर्यंत…”

खासगी शाळा बाहेर राहिल्या. त्यांतल्या बहुतेक कॅथलिक. सरकारशी करार असला की शिक्षकांचा पगारही सरकारच देतं. सरकारी शाळेत डोक्यावरचा रुमाल चालेना म्हणून काही मुस्लिम मुलींनी पुढे कॅथलिक शाळाच गाठली.

“…ज्या चिन्हांनी किंवा पोशाखांनी विद्यार्थी…”

एकाही धर्माचं नाव नाही. कागदावर समता पुरी. ‘पोशाख’ हा शब्द मात्र ताणला जातो: २०२३ मध्ये त्यातच अबाया, म्हणजे मुस्लिम मुलींचा लांब सैल झगा, बसवला गेला.

“…आपला धर्म ठळकपणे दाखवतात…”

सारी मेख इथे आहे. संसदेच्या समितीला ‘दिसणारी’ चिन्हं म्हणायचं होतं. तसं झालं असतं तर गळ्यातला बारीक क्रूसही गेला असता. ‘ठळकपणे’मुळे तो वाचला. १८ मे २००४ च्या परिपत्रकाने उदाहरणं दिली: मुस्लिम हिजाब, ज्यूंची किप्पा टोपी आणि ‘उघडच अवाजवी मोठा’ क्रूस. असला क्रूस घालून गणिताच्या तासाला बसतं कोण? पहिल्या दोन वस्तू पोरं रोज घालत होती. तिसरी यादीचा तोल सांभाळायला आलेली दिसते.

क्रूस लहान करता येतो. केस लहान करता येत नाहीत, हे नांदेडला पटका बांधून शाळेत निघालेली शीख पोरं पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. फ्रान्समधल्या शीख मुलांनी तडजोड म्हणून फेट्याऐवजी केसकी बांधली, अंबाड्यावर घट्ट बसणारं छोटं गडद कापड. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तेही ‘ठळक’ ठरवलं. म्हणजे माप कापडाचं नव्हतंच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये अशाच एका मुलाच्या बाजूने कौल दिला: त्याच्या वागण्यात खोट दाखवता आली नव्हती, तरी शिक्षा झाली होती.

“…त्यांना मनाई आहे.”

सरळ आहे, पुढे.

“शिस्तभंगाच्या कारवाईआधी विद्यार्थ्याशी संवाद होईल.”

तरतूद सौम्य. संयुक्त राष्ट्रांनी कौल दिलेल्या त्याच मुलाच्या बाबतीत २००४ च्या शरदात हा संवाद काही आठवडे चालला. तेवढे दिवस तो वर्गाबाहेर, शाळेच्या कॅन्टीनमध्ये पुस्तक उघडून बसत होता. नोव्हेंबरमध्ये त्याला काढून टाकलं.